ओझोनघातक वायूंचे परवाने आणि आपली शेती

आयात-परवाना म्हटला कीं आपल्या शेतकऱ्यांस प्रथम आठवतें तें खत, मग डाळी, आणि फार झालें तर खाद्य तेल. ज्यांस रंग नाहीं, बहुधा वासहि नाहीं, अशा वायूंच्या परवान्याची चर्चा शेतकीच्या मासिकांत कशाला, असें कित्येक वाचकांस वाटेल. परंतु गांवच्या दूधसंस्थेचा बल्क कूलर, शिरोळ-हातकणंगल्याकडील हरितगृहांतील वाफे आणि परदेशीं जाणाऱ्या मालाची लांकडी पेटी, या तिन्ही ठिकाणीं या वायूंचा संबंध येतो. त्यांपैकीं जुन्या कूलरांतील वायूची मुदत तर २०३० सालापर्यंतच उरली आहे. हा विषय दिल्लीच्या कचेऱ्यांवर सोंपवून आपण स्वस्थ बसावें असा तो राहिलेला नाहीं.

मूळ गोष्ट थोडक्यांत सांगतों. जमिनीपासून सुमारें १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर ओझोन वायूचा विरळ थर आहे. सूर्याच्या अतिनील किरणांतील घातक भाग बव्हंशीं हा थर अडवून धरतो. तो विरला तर माणसांच्या कातडीस व डोळ्यांस अपाय होतो, आणि पिकेंहि त्यांतून सुटत नाहींत. १९७४ सालीं रोलंड व मोलिना या रसायनशास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं, फ्रीजमध्यें व फवाऱ्याच्या डब्यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुओरोकार्बन वायु खालीं कशानेंच नाश न पावतां वर चढतात, तेथें सूर्यकिरणांनीं फुटतात, आणि त्यांतून सुटलेला क्लोरीनचा एकेक अणु ओझोनचे हजारों रेणु खाऊन टाकतो. १९८५ सालीं दक्षिण ध्रुवावरील ब्रिटिश निरीक्षकांस तेथील थर दर वसंतांत फारच विरळ होत असल्याचें प्रत्यक्ष मापनांत आढळलें, आणि मग या शास्त्रज्ञांचें म्हणणें कल्पनेचें राहिलें नाहीं. पुढें १९९५ सालीं क्रुट्झेन यांसह त्या दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें.

१६ सप्टेंबर १९८७ रोजीं कॅनडांतील मॉन्ट्रियल शहरीं या द्रव्यांस आळा घालण्याचा करार झाला. भारत त्यांत लगेच सामील झाला नाहीं, व तें योग्यच होतें असें आमचें मत आहे. थर विरविला तो श्रीमंत राष्ट्रांच्या फ्रीजांनीं व मोटारींनीं. त्याची भरपाई मात्र ज्यांच्या घरीं अजून फ्रीज आलाच नव्हता त्यांनीं कां करावी, हा भारताचा व चीनचा प्रश्न होता. १९९० सालीं लंडनच्या बैठकींत गरीब राष्ट्रांस यंत्रबदलासाठीं पैसा देणारा निधि मान्य झाला, आणि १९९२ च्या जून महिन्यांत भारतानें करार स्वीकारला. विकसनशील राष्ट्रांस मुदतीहि अधिक मिळाल्या. पुढें ज्या तारखा येतील त्या या सवलतींतूनच आलेल्या आहेत हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां परवान्याकडे वळूं. नुसतें उत्पादन कमी करण्याचें वचन देऊन काम भागत नाहीं असें थोड्याच वर्षांत दिसून आलें. एका देशांत जें बंद झालें तें शेजारच्या देशांतून चोरवाटेनें येऊं लागलें. म्हणून १९९७ सालीं मॉन्ट्रियल येथेंच करारास दुरुस्ती करून असें ठरविण्यांत आलें कीं, प्रत्येक राष्ट्रानें या द्रव्यांच्या आयात-निर्यातीस परवान्याची पद्धति लावावी. किती माल कोठून निघाला व कोठें उतरला याचा मेळ दोन्ही टोकांस बसला पाहिजे, एवढाच त्यांतील हेतु. ही पद्धति किती उपयोगी पडते तें आपल्या शेजारच्या नेपाळांत दिसलें. तेथें परवान्यावांचून आलेला ७४ टन क्लोरोफ्लुओरोकार्बन या शतकाच्या आरंभीं पकडण्यांत आला. माल परत धाडावा कीं नष्ट करावा, हा प्रश्न करारांतील सर्व राष्ट्रांच्या बैठकीपर्यंत गेला, आणि शेवटीं २००४ सालीं तो वर्षावर्षाला ठराविक मापानेंच बाजारांत सोडण्याची मोकळीक नेपाळला मिळाली. एका लहान देशाच्या गोदामांतील सिलिंडरांचा हिशेब जगानें मागितला, हें आपल्या वखारींचा हिशेब ठेवणाऱ्यांस नवलाचें वाटूं नये.

भारत सरकारनें १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यान्वयें १९ जुलै २००० रोजीं ओझोन-ऱ्हासकारी द्रव्यांचे नियम प्रसिद्ध केले. या द्रव्यांची आयात वा निर्यात करणारास परकीय व्यापार महासंचालकांचा परवाना लागतो. जो देश करारांत नाहीं त्याच्याशीं या मालाचा व्यवहार करतां येत नाहीं. उत्पादक, आयातदार, विक्रेते यांनीं नोंदणी करावयाची व हिशेब ठेवावयाचे. या नियमांत पुढें अनेक वेळां दुरुस्त्या झाल्या. त्यांपैकीं २०१४ ची दुरुस्ती आपल्या दृष्टीनें महत्त्वाची, व तिच्याकडे आपण कूलरच्या प्रकरणांत येऊं. क्लोरोफ्लुओरोकार्बनचें उत्पादन भारतानें १ ऑगस्ट २००८ पासून, दम्याच्या औषधी फवाऱ्यांपुरता अपवाद ठेवून, बंद केलें. कार्बन टेट्राक्लोराइड व आग विझविण्याचे हॅलॉन यांवर १ जानेवारी २०१० पासून पडदा पडला.

शेतकऱ्यांचा ज्याच्याशीं थेट संबंध येतो असा यांतील वायु म्हणजे मिथिल ब्रोमाइड. वाळवी, भुंगे, सूत्रकृमि, बुरशी, तणांचें बीं, सारें हा एकच वायु मारतो. म्हणून तो एके काळीं जगभर फार लोकप्रिय होता. हवेपेक्षां तो तिपटीहून अधिक जड असल्यानें मातींत व पोत्यांच्या थप्पींत खोल उतरतो. त्यांतील ब्रोमीन ओझोनच्या बाबतींत क्लोरीनहून कित्येक पटींनीं घातक आहे. म्हणून १९९२ सालीं त्याचें नांव कराराच्या यादींत घातलें गेलें. श्रीमंत राष्ट्रांनीं तो २००५ पर्यंत व इतरांनीं २०१५ च्या आरंभापर्यंत बंद करावा असें ठरलें.

मात्र या बंदींतून एक मोठी वाट मोकळी ठेवलेली आहे, आणि गैरसमज होतो तो येथेंच. परदेशांतून येणाऱ्या अगर परदेशीं जाणाऱ्या मालाबरोबर नवी कीड देशांत शिरूं नये यासाठीं द्यावयाची धुरी, आणि निर्यातीपूर्वींची धुरी, यांस मनाई नाहीं. निर्यातीपूर्वींची धुरी म्हणजे काय तेंहि ठरवून टाकलें आहे: माल निघण्यापूर्वीं २१ दिवसांच्या आंत, आणि घेणाऱ्या देशाच्या किंवा आपल्या सरकारच्या नियमानें मागितलेली अशी ती असली पाहिजे. तेव्हां गुळाच्या रव्यांच्या वखारींत, धान्याच्या कोठारांत किंवा हरितगृहाच्या वाफ्यांत हा वायु सोडणें या सवलतींत बसत नाहीं. "निर्यातीचा माल आहे, म्हणून चालतें" असें सांगणारा कोणी भेटला, तर धुरी कोणत्या देशाच्या कोणत्या नियमानें मागितली आहे व माल कोणत्या तारखेस बंदरांतून निघणार आहे, एवढे दोन प्रश्न त्यास विचारावे.

दुसरें असें कीं, हा वायु विकत आणून स्वतः वापरण्याची वस्तु नव्हे. भारतांत त्याचा वापर सरकारी संस्था व कीडनियंत्रणाचा व्यवसाय करणारे यांच्यापुरता, आणि तोहि सरकारी किंवा सरकारमान्य तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं मर्यादित केलेला आहे. त्याचें कारण ओझोनपेक्षां जवळचें आहे. या वायूस वास जवळजवळ नसल्यामुळें तो छातींत भरला तरी कळत नाहीं. म्हणून पुष्कळदां त्यांत डोळ्यांस पाणी आणणारें क्लोरोपिक्रिन शेंकडा २ मिसळतात. विषबाधेचीं लक्षणें कित्येकदां तासांनंतर दिसूं लागतात, तोंपर्यंत माणूस घरीं जाऊन जेवूनहि बसलेला असतो. वखारींत नेहमीं वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ओझोनला अपाय करीत नाहींत व त्या या परवान्यांच्या यादींत नाहींत. परंतु त्यांतून निघणारा वायुहि तितकाच प्राणघातक आहे आणि त्यांवरहि निराळे निर्बंध आहेत. एक बंद झालें म्हणून दुसरें निर्धास्तपणें घरांत आणावें, असें कोणीं समजूं नये.

लांकडी पेट्यांचें प्रकरण आपल्या जिल्ह्यास विशेष लागू आहे, कारण शेतमालाबरोबर येथील ओतकामाचे कारखानेहि आपला माल लांकडी पेट्यांतून व फळ्यांवरून परदेशीं पाठवितात. २००२ सालीं ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार अशा लांकडावर मान्य संस्कारांपैकीं एक करून त्याचा शिक्का उमटवावा लागतो; त्यांतील नेहमींचे दोन असे: लांकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेंटिग्रेडवर सलग ३० मिनिटें तापवावें, नाहीं तर त्यास मिथिल ब्रोमाइडची धुरी द्यावी. पहिल्याचा शिक्का 'एचटी' व दुसऱ्याचा 'एमबी'. आमची शिफारस उष्णतेचीच आहे. युरोपीय संघानें १८ मार्च २०१० पासून आपल्या हद्दींत मिथिल ब्रोमाइडची धुरी, सवलतींतलीसुद्धां, बंद केलेली आहे. 'एमबी' शिक्क्याचें लांकूड अद्याप नियमांत बसतें खरें. पण ज्या पद्धतीची वाट दिवसेंदिवस अरुंद होत आहे तिच्यावर नवा खर्च करण्यांत शहाणपण दिसत नाहीं.

येथें आपल्या सरकारच्या धोरणांतील एक विसंगति सांगितल्यावांचून राहवत नाहीं. २००३ च्या वनस्पति-संसर्गरोध आदेशानें बाहेरून येणाऱ्या कित्येक डाळींस निघतांनाच मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली असावी अशी अट घातली. कॅनडासारख्या देशानें उत्तर दिलें कीं, आम्हीं तो वायु जवळजवळ सोडला आहे, शिवाय आमच्या थंडींत तो नीट कामहि करीत नाहीं. मग सरकारनें वर्षानुवर्षें सूट द्यावी, माल आपल्या बंदरांत उतरल्यावर येथें धुरी द्यावी, आणि सुटीची मुदत संपत आली कीं व्यापाऱ्यांनीं दिल्लीकडे डोळे लावून बसावें, असा क्रम चालला. आपल्या तूर-हरभऱ्याच्या शेतकऱ्यास परक्या वाटाण्यापासून संरक्षण हवें असेल तर तें जकातीनें द्यावें. ८ नोव्हेंबर २०१७ रोजीं वाटाण्यावर शेंकडा ५० जकात बसविली, तो सरळ मार्ग होता. किडीच्या नियमाआड बाजारभावाचें राजकारण झालें म्हणजे कीड व भाव या दोन्हींवरचा विश्वास उडतो.

हरितगृहवाल्यांचा प्रश्न निराळा. गुलाब, जर्बेरा, ढबू मिरची यांच्या वाफ्यांत तीच ती पिकें घेतल्यानें सूत्रकृमि व मर रोग वाढतात, आणि परदेशीं अशा मातीस मिथिल ब्रोमाइडच देत असत. आपल्याकडे त्याची उणीव भासण्याचें कारण नाहीं, कारण आपणांस ऊन फुकट मिळतें. १९७६ सालीं इझ्राएलांतील कातान यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मातीस सूर्याच्या उष्णतेनेंच निर्जंतुक करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यास ती फारच सोयीची आहे. वाफे बारीक भुसभुशीत करून भरपूर भिजवावे. त्यांवर पारदर्शक पातळ प्लॅस्टिकचा कागद ताणून पसरावा व कडा मातीनें घट्ट बुजवाव्या. कागद पारदर्शकच हवा, काळा नको. काळा कागद स्वतः तापतो आणि खालची माती तितकी तापत नाहीं. असा तो चार ते सहा आठवडे ठेवावा. वरच्या वीतभर थरांतील पुष्कळ बुरशी, तणांचें बीं व सूत्रकृमि यानें मरतात. खोलवर मात्र ती उष्णता पोंचत नाहीं. म्हणून कागद काढल्यावर खोल नांगरून खालची रोगट माती वर आणूं नये. पुष्कळांची मेहनत वांया जाते ती येथें. सोबत निंबोळी पेंड व ट्रायकोडर्मा यांचा वापर ठेवावा. आणि हातीं आलेली पहिली चार रोपें मलूल दिसतांच एखादें जालीम औषध शोधीत फिरूं नये.

आतां दुधाकडे येऊं, कारण अधिक घरांचा संबंध तेथें आहे. गोकुळचा संघ १९६३ सालीं स्थापन झाला, वारणेकाठींहि दुधाचें मोठें काम उभें राहिलें, आणि कालांतरानें गांवोगांवीं बल्क कूलर बसले. काढलें तेव्हां अंगाइतकें ऊन असलेलें दूध थोड्या वेळांत ४ अंशांवर आलें पाहिजे. तें न आलें तर सकाळपर्यंत आंबट होतें आणि परत येतें. मोठ्या शीतगृहांत व डेऱ्यांत बहुधा अमोनिया वापरतात. त्याचा ओझोनशीं संबंध नाहीं व त्यास या परवान्यांची झळ नाहीं. परंतु गांवांतील पुष्कळ जुन्या कूलरांत आर-२२ हा वायु आहे. बोलण्यांत त्यास नुसता 'गॅस' म्हणतात. शास्त्रीय नांव एचसीएफसी-२२. जुन्या क्लोरोफ्लुओरोकार्बनच्या मानानें त्याची ओझोनघातकता सुमारें विसावा हिस्सा आहे, म्हणूनच त्यास मुदत लांब मिळाली. पण ती मुदत आतां संपत आली आहे.

विकसनशील राष्ट्रांनीं या वर्गाच्या वायूंचा खप २०१३ सालीं, २००९ व २०१० या दोन वर्षांच्या सरासरीवर गोठवावयाचा, २०१५ पर्यंत शेंकडा १०, २०२० पर्यंत ३५ व २०२५ पर्यंत ६७.५ इतका उतरवावयाचा, आणि २०३० पासून तो बंद करावयाचा, असें ठरलेलें आहे. त्यानंतर २०४० पर्यंत जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता सरासरी शेंकडा २.५ एवढाच चिमूटभर हिस्सा राहील. २०१४ च्या दुरुस्तीनें या वायूंवर चालणाऱ्या शीतयंत्रांची आयात १ जुलै २०१५ पासून बंद झाली. कूलरच्या व शीतगृहांच्या भिंतींत भरावयाच्या फेसासाठीं लागणाऱ्या एचसीएफसी-१४१बी या द्रव्याचे आयात-परवाने १ जानेवारी २०२० पासून थांबले. आणि २०२४ अखेर देशांतील नव्या यंत्रांतूनहि हा वर्ग हद्दपार झाला. यापुढें जो आर-२२ मिळेल तो केवळ जुन्या यंत्रांच्या टांकीला ठिगळ लावण्यासाठीं.

याचा अर्थ असा नव्हे कीं चांगला चालणारा कूलर आजच भंगारांत काढावा. ज्या कूलरची नळी गळत नाहीं त्यास वर्षानुवर्षें नवा गॅस लागत नाहीं. दर उन्हाळ्यांत "गॅस संपला" म्हणून भरून घेण्याची जी चाल पडली आहे तीच मुळीं चुकीची. गॅस खर्च होत नसतो, तो गळत असतो. गळती शोधून सांधा पक्का केल्याशिवाय नवा गॅस भरणारा कारागीर संस्थेचे पैसे हवेंत सोडतो, आणि ओझोनचा घातहि करतो. दुरुस्तीच्या वेळीं आंतला वायु बाहेर सोडून न देतां यंत्रानें सिलिंडरांत परत ओढून घेतां येतो. असें यंत्र ज्याच्याजवळ आहे अशाच कारागिरास संस्थांनीं काम द्यावें.

माल तुटपुंजा व महाग झाला कीं बनावट मालास ऊत येतो, हा बाजाराचा नियम येथेंहि चुकत नाहीं. २०११ सालीं व्हिएटनाममध्यें दुरुस्त झालेल्या कांहीं शीत-पेट्यांचे स्फोट होऊन कामगार मृत्यु पावले. वायूच्या नांवाखालीं त्यांत मिथिल क्लोराइडची भेसळ भरली गेली होती, आणि तिची ॲल्युमिनियमच्या भागांशीं क्रिया झाली होती. आर-२२ च्या कूलरांत स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा ज्वालाग्राही वायु भरून देण्याचें धाडसहि कोणास करूं देऊं नये. तसे वायु उत्तम शीतक आहेत, पण त्यांसाठीं मुळांतच तशी बांधलेली यंत्रें असावीं लागतात. आर-४०४ए भरावा म्हटलें तर कॉम्प्रेसरमधील तेलहि बदलावें लागतें. नुसता सिलिंडर बदलून भागत नाहीं.

नवा कूलर घेणाऱ्या संस्थांनीं आणखी एक पाऊल पुढचें पाहावें. आर-२२ च्या जागीं आलेले आर-४०४ए व आर-१३४ए हे ओझोनला अपाय करीत नाहींत, पण पृथ्वी तापविण्यांत ते फार पुढें आहेत. २०१६ च्या किगाली येथील दुरुस्तीनें तेहि यादींत आले, आणि भारतानें ती दुरुस्ती २०२१ सालीं स्वीकारली. आपल्याकडे त्यांची उतरण २०३२ सालीं शेंकडा १० नें सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ वर जावयाची आहे. आजचा कूलर पंधरा-वीस वर्षें चालावा अशी अपेक्षा असते. म्हणजे आज घेतलेलें यंत्र आपल्या हयातींतच दुसऱ्या टंचाईंत सांपडूं शकतें. विक्रेता हें आपण होऊन सांगत नाहीं. तो लिटर सांगतो, वीज सांगतो, हप्ता सांगतो.

आमचा आक्षेप नियमांवर नाहीं. नियम योग्य आहेत, आणि या कराराइतका फलद्रूप झालेला आंतरराष्ट्रीय करार विरळाच. आक्षेप आहे तो बातमी पोंचण्याच्या वाटेवर. आयातदारास परवान्याचा कागद मिळतो, कारखानदारास निधींतून यंत्रबदलाचें साह्य मिळतें, राजपत्र इंग्रजी-हिंदींत छापलें जातें. आणि ज्या दूधसंस्थेच्या सचिवास पांचशें लिटर दूध रोज संध्याकाळीं थंड करावयाचें असतें त्यास आपल्या यंत्रांतील वायूची मुदत किती, हें सांगणारा मराठींतील एक कागदहि सहसा मिळत नाहीं. जिल्हा संघांनीं आपल्या सर्व संस्थांच्या कूलरांची यादी एकदां करून घ्यावी: कोणत्या सालचा, कोणत्या वायूचा, गेल्या तीन वर्षांत कितीदां भरला. हें काम एका महिन्याचें आहे. अशी यादी हातीं असली म्हणजे कोणता कूलर आधीं बदलावा व साह्य कोणाकडे मागावें याचा विचार २०२९ सालच्या धांवपळींत करावा लागणार नाहीं.

वायूचें नांव शोधण्यास तज्ज्ञ लागत नाहीं. कूलरच्या कॉम्प्रेसरजवळ धातूची एक लहान पट्टी असते; तिच्यावरील धूळ पुसली म्हणजे 'आर' या इंग्रजी अक्षरापुढें आंकडा दिसतो. येत्या मासिक सभेपूर्वीं प्रत्येक संस्थेच्या सचिवानें तो आंकडा व यंत्राचें साल प्रोसीडिंगच्या वहींत लिहून ठेवावें.